खोकला वस्तीतल्या हवेमुळे आहे का, आणि त्यासाठी घर सोडावे का?

आपल्या प्रश्नातला तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आपण तीन वर्षांपूर्वी जळगाव शहराच्या कडेला, नव्याने एन. ए. झालेल्या जागेत घर बांधून राहायला गेलात. महामार्ग घरापासून अंदाजे २०० मीटरवर आहे. मागच्या बाजूला एक डाळ मिल आहे, तिच्या पलीकडे जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करण्याचा कारखाना, आहे, कॉलनीतले रस्ते अजून कच्चे आहेत आणि कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर संध्याकाळी कचरा पेटवला जातो. सात वर्षांच्या मुलाला दिवाळीपासून होळीपर्यंत रात्री खोकला येतो. आपल्या आई घर होईपर्यंत चोपडा तालुक्यातल्या गावी राहत होत्या. त्यांना आता जिना चढला की धाप लागते. आपल्याला आणि आपल्या पत्नीला काहीच त्रास नाही. फोनवर हवेचा निर्देशांक बहुतेक दिवस ‘मध्यम’ दिसतो, त्यामुळे दोष हवेचा आहे की नाही याबद्दल घरात मतभेद आहेत. घर विकावे, की हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे, असे आपण विचारता.

मी खानदेशातच छातीच्या विकारांवर उपचार करतो आणि असा प्रश्न माझ्याकडे दर हिवाळ्यात येतो. ‘आमच्या भागातली हवा वाईट आहे का’ याचे उत्तर जवळजवळ नेहमीच ‘काही प्रमाणात, होय’ असे असते, आणि त्या उत्तराच्या आधारे कोणताही निर्णय घेता येत नाही. उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे. या मुलाचा आणि या आजींचा त्रास नेमका कशाने, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत आणि दिवसाच्या कोणत्या तासांत वाढतो? हे कळले, तर घर बदलायचे, मिलमालकाशी बोलायचे की घरातली एखादी सवय मोडायची, हे ठरवणे पुष्कळ सोपे होते. मी दोघांनाही तपासलेले नाही, त्यांची छाती ऐकलेली नाही, फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री पाहिलेली नाही. म्हणून इथे निदान करत नाही. परंतु आपण दिलेल्या माहितीवरून मला असे वाटते की आपल्या घरात एक आजार नसून दोन निरनिराळे आजार असावेत, आणि वस्तीचा त्या दोघांशी असलेला संबंधही निरनिराळा असावा.

प्रथम धुळीविषयी, कारण सगळी धूळ सारखी नसते. कच्च्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेल्यावर जो लोट उठतो आणि दाराच्या कडीवर बोटाने रेघ ओढता येईल इतका थर बसवतो, त्यातले बहुतेक कण मोठे असतात. ते नाकात आणि घशात अडकतात, शिंका आणतात, घसा खवखवतो, परंतु त्यांतले फार थोडे खोलवर पोहोचतात. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना आपण पीएम १० म्हणतो, ते श्वासनलिकेपर्यंत जातात, आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेले पीएम २.५ हे कण थेट वायुकोशांत उतरतात. हे बारीक कण मुख्यतः ज्वलनातून येतात: डिझेलच्या इंजिनातून, पेटवलेल्या कचऱ्यातून, चुलीतून, वीटभट्टीतून. म्हणजे डोळ्यांना सर्वांत जास्त दिसणारी धूळ ही फुप्फुसांना सर्वांत जास्त घातक असेलच असे नाही, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरून येणारा पातळसा धूर, ज्याच्याकडे आपण वासापलीकडे लक्ष देत नाही, तो अधिक घातक असू शकतो. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे रस्त्याच्या धुळीची तक्रार घेऊन येतात, आणि धुराबद्दल मला विचारावे लागते.

फोनवरच्या आकड्याबद्दलचा आपला गोंधळ रास्त आहे. तो आकडा साधारणपणे मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो आणि शहरातल्या एखाद्या केंद्राचा किंवा गणिती अंदाजाचा असतो. आपल्या मिलमागचे संध्याकाळचे दोन तास त्या सरासरीत विरघळून जातात. शिवाय ‘मध्यम’ या शब्दाने निश्चिंत होऊ नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पट्टीवर १०१ ते २०० या निर्देशांकाला मध्यम म्हणतात आणि त्याच पट्टीत असे नमूद आहे की दम्यासारखे फुप्फुसांचे विकार असलेल्यांना या हवेत श्वास घेताना त्रास होऊ शकतो. पीएम २.५ साठी आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा १५ आहे. या दोन आकड्यांच्या मधली हवा कायद्याने चालते, पण दम्याच्या मुलाला ती चालेलच असे नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांचा समावेश आहे त्यांत जळगावही आहे. त्यामुळे इथली हवा तपासण्याजोगी आहे, हे सरकारनेही मान्य केलेले आहे.

आता आपल्या भोवतीच्या गोष्टी एकेक करून पाहू. महामार्गाच्या बाबतीत अंतर फार महत्त्वाचे असते. वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून पहिल्या शंभर-दीडशे मीटरांत झपाट्याने कमी होतात, आणि रस्त्याचा एकूण प्रभाव साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंत जाणवतो, असे जगभरातल्या मोजमापांवरून दिसते. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांच्या फुप्फुसांची वाढ वर्षानुवर्षे मोजली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्या मुलांहून कमी झाली होती. आपले घर त्या पट्ट्यात येते. तिथला महामार्ग आणि आपला महामार्ग एकसारखे नाहीत, वाहनांची संख्या वेगळी आहे, आपल्याकडे रात्रीचे ट्रक अधिक आहेत. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण घराची महामार्गाकडची खिडकी रात्री बंद आणि दुसऱ्या बाजूची उघडी ठेवण्याइतके कारण त्यातून नक्की मिळते.

डाळ मिल आणि जिनिंग यांकडे मात्र मी अधिक बारकाईने पाहीन, कारण त्यांतून उडणारी धूळ ही वनस्पतीची असते. तूर, हरभरा, उडीद यांची टरफले काढताना जी भुकटी उडते तिच्यात प्रथिने असतात, त्यांची ॲलर्जी काही व्यक्तींना होऊ शकते, आणि अशा व्यक्तीला अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात घडले. तिथे १९८१ सालापासून काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकाएकी मोठ्या संख्येने रुग्णालयात येऊ लागले. अशा २६ साथी नोंदल्या गेल्या. अखेर डॉक्टरांनी रुग्ण कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला आणि शहराच्या कोणत्या भागातून येतात याची नोंद बंदरातल्या कामकाजाशी ताडून पाहिली, तेव्हा कळले की साथीचे दिवस हे बंदरावर सोयाबीन उतरवण्याचे दिवस होते. रुग्णांच्या रक्तातही सोयाबीनविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. धान्याच्या कोठारावर धूळ अडवणारी गाळणी बसवली आणि साथी थांबल्या. कोणालाही शहर सोडावे लागले नाही. मी हे उदाहरण रुग्णांना नेहमी सांगतो, कारण त्यात कारण शोधण्याची पद्धतही आहे आणि उपायाची दिशाही आहे.

जिनिंगच्या रुईचा त्रास हा मुख्यतः आत काम करणाऱ्यांना होतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकाराचे एक वैशिष्ट्य असे की आठवड्याच्या सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते आणि पुढच्या दिवसांत ते कमी होते. शेजारी राहणाऱ्यांना हा विकार सहसा होत नाही, परंतु घरातले कोणी जिनिंगवर कामाला असेल आणि त्याच कपड्यांनिशी मुलाला जवळ घेत असेल, तर ते मला समजायला हवे. नंदुरबारकडे मिरची वाळवण्याच्या पथाऱ्यांजवळ राहणारे लोक खोकल्याची तक्रार घेऊन येतात, तो प्रकार आणखी निराळा आहे. मिरचीतला तिखट घटक श्वासमार्गातल्या मज्जातंतूंना थेट चेतवतो, त्यामुळे खोकल्याची उबळ निरोगी माणसालाही येते आणि हवा बदलली की ती थांबते. त्याला दमा म्हणून महिनोन्महिने औषध देणे बरोबर नाही. जवळजवळ सारख्याच ऐकू येणाऱ्या खोकल्यामागे चिडचिड, ॲलर्जी आणि जंतुसंसर्ग अशी तीन निरनिराळी कारणे असू शकतात.

ऋतूबद्दल सावधपणे बोलले पाहिजे. आपण म्हणता की मुलाचा खोकला दिवाळीपासून होळीपर्यंत असतो आणि त्याच महिन्यांत जिनिंग चालते, म्हणून कारण उघड आहे. तितके ते उघड नाही. त्याच महिन्यांत वीटभट्ट्या पेटतात, पुढे कपाशी उपटल्यावर पऱ्हाट्या जाळल्या जातात, शाळांमध्ये सर्दी-तापाच्या विषाणूंची देवाणघेवाण होते, आणि पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटांवर माजलेले गाजर गवत फुलावर असते, ज्याचे परागकण ॲलर्जीचे मोठे कारण आहेत. या सगळ्यावर खानदेशच्या थंडीची भर पडते. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये पसरलेल्या तापीच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत सोडलेला धूर मग वस्तीतच घुटमळतो. उन्हाळ्यात त्याच मिलमधून तेवढीच धूळ उडाली, तरी दुपारची तापलेली हवा आणि पश्चिमेचा वारा ती पांगवून टाकतात. म्हणून ‘वर्षभर मिल चालते, पण त्रास हिवाळ्यातच होतो, म्हणजे मिलचा संबंध नाही’ असाही निष्कर्ष काढू नये.

आपल्याला आणि पत्नीला काही होत नाही, यावरून हवा निर्दोष ठरत नाही. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा श्वासावाटे घेते, त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, आणि ते नेमके संध्याकाळी, कचरा पेटतो तेव्हा, अंगणात खेळत असते. आपण दोघे दिवसभर कामानिमित्त बाहेर असाल, तर मिल चालू असण्याच्या तासांत घरात कोण असते याचाही विचार करावा. पत्ता एक असला तरी घरातल्या चौघांच्या वाट्याला येणारी हवा चार प्रकारची असते.

यानंतर घराच्या आत यावे लागते, आणि इथे मी थोडा आग्रही असतो, कारण बाहेरच्या धुराड्याकडे बोट दाखवताना घरातला धूर आपल्या लक्षात येत नाही. मुलगा झोपतो त्या खोलीत डासांसाठी कॉइल लावता का? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार एक कॉइल जळताना बाहेर पडणारे पीएम २.५ हे वस्तुमानाने ७५ ते १३७ सिगारेटींइतके असते. रात्री खोकणाऱ्या मुलाच्या बाबतीत मी विचारलेल्या पहिल्या काही प्रश्नांत हा असतो, आणि मच्छरदाणी हे त्याचे साधे उत्तर आहे. उदबत्ती, धूप, तिन्हीसांजेला लिंबाचा पाला किंवा गोवरी पेटवून केलेला धूर, हिवाळ्यात गच्चीवर पऱ्हाट्यांवर वांगी भाजून केलेली भरीताची पार्टी, काळ्या मसाल्यासाठी मिरची-खोबरे भाजणे, या सर्व आपल्याकडच्या प्रेमाच्या गोष्टी आहेत आणि त्या बंद करा असे मी म्हणत नाही. त्या वेळी दमेकरी मूल आणि आजी धूर जाणार नाही अशा, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला, शक्यतो दुसऱ्या घरी असावीत आणि स्वयंपाकघरात धूर बाहेर ओढणारा पंखा असावा, एवढे मात्र मी म्हणतो. भिंतीला ओल असेल तर तिथली बुरशी पाहावी. आणि कूलर. मागच्या उन्हाळ्यातल्या गवताच्या ताट्या तशाच ठेवून मार्चमध्ये कूलर सुरू केला, की त्यांवरची बुरशी आणि वर्षभराची धूळ पहिल्या झोतातच सगळ्या घरात फिरते. होळीनंतरही मुलाचा खोकला एखाद्या वर्षी लांबला असेल, तर मी आधी कूलरच्या ताट्या बदलायला सांगेन.

आता आईंविषयी. आयुष्यातली बहुतेक वर्षे त्यांनी गावी काढली, आणि त्या पिढीच्या आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रियांप्रमाणे त्यांनीही पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या जाळून चुलीवर स्वयंपाक केला असेल, असे मी गृहीत धरतो. आजन्म विडी-सिगारेटला हात न लावलेल्या स्त्रीला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होऊ शकतो हे अनेक कुटुंबांना पटत नाही. डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या आढाव्यात सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के जणांनी कधीच धूम्रपान केलेले नसते असे मांडले आहे, आणि त्यामागच्या कारणांमध्ये चुलीच्या धुराचे स्थान फार मोठे आहे. आईंच्या बाबतीत हे खरे निघाले, तर मूळ इजा जुन्या घरातली आहे आणि नवी वस्ती तिला फक्त चिथावते. घर बदलून त्यांच्या श्वासनलिका पूर्ववत होणार नाहीत. योग्य इनहेलर, दरवर्षी इन्फ्लुएंझाची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकोकसची लस, आणि रोजचे थोडे चालणे यांनी त्यांचे दिवस पुष्कळ सुकर होतील. त्याआधी स्पायरोमेट्री, हिमोग्लोबिन आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी, कारण जिना चढताना लागणारी धाप रक्तक्षयाने आणि हृदयाच्या कमकुवतपणानेही लागते. त्यांना दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खोकला असेल तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणीही करावी. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते.

मुलाच्या बाबतीत मी आपल्याला एक वही घालायला सांगेन. तिच्यात रोज सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरचा आकडा लिहावा. श्वास किती जोरात बाहेर फेकता येतो हे मोजणारे, हातात मावणारे हे साधे उपकरण औषधांच्या दुकानात मिळते आणि सात वर्षांचे मूल ते फुंकायला शिकते. प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा घ्यावा. त्याच ओळीत रात्री खोकल्याने किती वेळा जाग आली, मिल चालू होती का, वारा मिलकडून येत होता का, कचरा पेटला होता का, घरात कॉइल किंवा धूप होता का आणि सर्दी-ताप होता का, एवढे लिहावे. वाऱ्यासाठी गच्चीवर काठीला एक फडके बांधले तरी पुरते. दोन आठवड्यांनंतर प्रत्येक दिवसाच्या मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक त्या दोन आकड्यांच्या सरासरीच्या किती टक्के आहे ते काढावे. मुलांमध्ये हा चढउतार सरासरी १३ टक्क्यांहून अधिक असेल तर दम्याची शक्यता बळावते.

त्यानंतरचा भाग खानदेशी कुटुंबांना सोपा जातो, कारण मुलांचा मामाचा गाव असतोच. हिवाळ्याच्या सुटीत मुलाला वही आणि मीटर यांसह आठ-दहा दिवस दुसरीकडे राहू द्यावे, औषधे मात्र तीच ठेवावीत. तिथे आकडे वाढून स्थिरावले आणि परत आल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा घसरले, तर वस्तीचा किंवा घराचा संबंध जवळजवळ सिद्ध झाला. तिथेही तसेच राहिले, तर कारण बहुधा मुलाच्या बरोबरच प्रवास करते आहे: अपुरे औषध, नाकाची ॲलर्जी किंवा नुकतीच झालेली सर्दी. मामाकडे चूल पेटत असेल किंवा घर वीटभट्टीजवळ असेल तर हा प्रयोग निरुपयोगी ठरतो, हे ध्यानात ठेवावे. अशी वही घेऊन आलेल्या पालकांशी मला दहा मिनिटांत जेवढे नेमके बोलता येते, तेवढे वहीशिवाय तासाभरातही बोलता येत नाही.

दमा निश्चित झाला, तर इनहेलरला घाबरू नये. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपोटी आपल्याकडे मुले वर्षानुवर्षे खोकल्याच्या बाटल्यांवर राहतात. स्पेसर, म्हणजे तोंड आणि पंप यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावून घेतलेल्या इनहेलरमधले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळीच्या मानाने त्याची मात्रा फारच कमी लागते. श्वासनलिकांची सूज औषधाने आटोक्यात असेल, तर ज्या धुराने आज मूल रात्रभर खोकते, त्याच धुरात ते पुष्कळदा शांत झोपू शकते. धूर असू द्यावा, असा याचा अर्थ नाही; स्रोत हटवायला महिने लागतात आणि मुलाला आज रात्री झोपायचे आहे, म्हणून औषध आधी सुरू व्हावे. मूल बोलताना वाक्य पूर्ण करू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वही, वारा, मिल यांतले काहीही न पाहता सरळ रुग्णालय गाठावे.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राला माझा विरोध नाही, पण खरेदीच्या यादीत ते मी खाली ठेवतो. हेपा गाळणी असलेले यंत्र बंद खोलीतले बारीक कण खरोखर कमी करते, आणि हिवाळ्यात मुलाच्या झोपण्याच्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, त्याचा उपयोग होतो. कूलर चालतो तो मात्र खिडकी उघडी ठेवून, त्यामुळे उन्हाळ्यात ही दोन्ही यंत्रे एकत्र चालवण्यात अर्थ नाही. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नयेत, कारण ओझोन हाच श्वासमार्गाला जाळतो. त्या पैशांतून आधी कूलरच्या नव्या ताट्या, मच्छरदाण्या, स्वयंपाकघरातला पंखा आणि महामार्गाकडच्या खिडकीच्या फटींना रबरी पट्टी एवढे करावे. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, अंगणात सडा घालावा, आणि गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे.

मिलबद्दल आपण एकट्याने भांडायला जाऊ नये. आपली वही आणि तशाच दोन-तीन शेजाऱ्यांच्या वह्या हातात असतील, तर बोलणे आरोपावर न राहता तारखांवर येते. मी पाहिलेल्या काही मालकांनी भुकटी पकडणाऱ्या कापडी पिशव्यांची गाळणी दुरुस्त करून घेतली, फोलपटाचा ढीग शेडखाली हलवला आणि तेवढ्याने शेजारच्या गल्लीतली तक्रार बरीच कमी झाली. ऐकले नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय जळगावातच आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याखाली कारखान्याला दिलेल्या संमतीत धुळीसंबंधी अटी असतात, आणि त्या पाळल्या जातात का हे तपासण्याची लेखी मागणी करता येते. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. कचरा पेटवण्याबाबत राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच साध्या जाळण्यासाठी ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिलेला आहे. तो अर्जात नमूद करावा आणि घंटागाडी रोज येते की नाही हेही पाहावे, कारण ती न येण्यामुळेच पुष्कळदा काडी लावली जाते. नवी वीटभट्टी येऊ घातली असेल, तर वस्तीपासून किमान ८०० मीटर अंतराची अट केंद्राच्या २०२२ च्या अधिसूचनेत आहे.

एक स्रोत आवरल्याने एवढा काय फरक पडणार, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या युटा खोऱ्यात एक पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६ पासून सुमारे तेरा महिने बंद होता. संशोधक आर्डेन पोप यांनी स्थानिक रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांमुळे दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट आढळली. आपली मिल पोलादाच्या कारखान्यासारखी नाही, आणि तिच्यावर कित्येक घरांची चूल चालते म्हणून ती बंद पडावी असे मी कधीच म्हणणार नाही. पण जवळच्या एका स्रोताचा मुलांच्या छातीवर किती भार असू शकतो, हे त्यावरून मोजता येते.

आता घर विकण्याचा प्रश्न. माझे मत असे की या हिवाळ्यात तो निर्णय घेऊ नये. वही, इनहेलर, घरातले बदल आणि मिलशी बोलणे यांना हा एक हंगाम द्यावा. औषध व्यवस्थित, बरोबर पद्धतीने घेऊनही मुलाला आठवड्यातून कित्येक रात्री जाग येत राहिली, दुसरीकडे गेल्यावर पीक फ्लो स्पष्टपणे सुधारत असेल आणि स्रोत हटण्याची शक्यता दिसत नसेल, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर मी स्वतः आपल्याला जागा बदला असे सांगेन. तेव्हाही आधी घर भाड्याने द्यावे आणि शहराच्या दुसऱ्या भागात भाड्यानेच एक पूर्ण हिवाळा राहून पाहावे. ती जागा दुपारी बारा वाजता, एजंटाबरोबर, पाहू नये. डिसेंबर किंवा जानेवारीत एकदा पहाटे सहाला आणि एकदा रात्री नऊला तिथे जाऊन अर्धा तास उभे राहावे, पूर्वेला आणि पश्चिमेला काय जळते आहे, काय दळले जाते आहे ते पाहावे, महामार्गापासूनचे अंतर मोजावे, आणि शेजारच्या दोन घरांत जाऊन त्यांची मुले रात्री खोकतात का, हे विचारावे.